इंदूर वाटेत नाही

मंगळवारी दुपारी, पंखा सोडून सगळं पेंगत असताना,
कालानी नगर चौकातल्या आमच्या तिकिटांच्या दुकानात
टेंबेकाका येतात.
खुर्चीला टेकायच्या आधीच विचारतात,
'ऑकलंड ते टोरांटो किती?'

तिकीट नको असतं. भाव तर नाहीच.
पहिल्यांदा मी म्हटलं, काका, इंदूरहून सांगा ना,
इथून दिल्ली, पुढचं मी जोडून देते.
'इंदूर वाटेत नाही, पोरी.
त्या दोघांच्या मधे इंदूर येतच नाही.'

तेरा हजार आठशे ऐंशी किलोमीटर, हवेतल्या हवेत.
काका डोळे मिटतात.
गिरणीच्या फोल्डिंग खात्यात एकतीस वर्षं
कापड मोजलेला माणूस.
ओठ हलत राहतात:
चाळीस मीटरचं एक थान,
म्हणजे तीन लाख सत्तेचाळीस हजार थानं.
'एकसंध मिळेल?'
नाही काका, थेट विमान नाही,
कुठेतरी जोड द्यावाच लागतो.
'जोडाचं कापड आम्ही दुय्यम धरायचो.'

थोरला सुहास टोरांटोत, धाकटा हेरंब ऑकलंडला.
काकू गेल्या तेव्हा हेरंबचा जोड सिंगापुरात निसटला.
पाच तास.
पंचकुइयावर थोरला थांबला नाही.
'ऊन चढत होतं,' काका एवढंच सांगतात,
'भटजींना पुढे आणखी एकीकडे जायचं होतं.'
त्याला आता अकरा वर्षं झाली.
दोघं काकांना दर रविवारी फोन करतात,
वेगवेगळ्या वेळी, एकमेकांचं नाव न घेता,
आणि काका दोघांना तेच हवामान सांगतात.

एकदा म्हणाले, 'बरं, वेळ किती?'
थेट असतंच, तर साडेसोळा तास, मी अंदाजाने म्हटलं,
आणि घड्याळं जुळवताना माझाच हात थांबला.
जानेवारीत ऑकलंड अठरा तास पुढे असतं.
संध्याकाळी सहाला निघालेला माणूस
टोरांटोत उतरेल तेव्हा
तोच वार, तीच तारीख,
दुपारचे साडेचार.

'म्हणजे निघायच्या आधी पोचेल?'
दीड तास आधी, काका.

चहा आला. चहावर साय धरली.
मग, अगदी हळू,
'पाच नाही का होत?'

मी स्क्रीनकडे बघत राहिले, तिथे काही नव्हतं.

गेल्या मंगळवारी मीच न विचारता काढून ठेवलं होतं,
इंदूर ते ऑकलंड, इंदूर ते टोरांटो.
दोन्ही बारा हजार दोनशेच्या घरात,
फरक पन्नासेक किलोमीटरचा.
'म्हणजे उज्जैन,' ते म्हणाले. 'लांब कोण?'
हेरंब. जरासाच.
'तो जेवायलाही दाराशीच बसायचा.'

तेवढ्यात दुकानावरून दिल्लीचं विमान उतरायला गेलं,
काच नेहमीसारखी थरथरली,
त्यांनी मान वर केली नाही.
बोट निळ्यावर ठेवून विचारलं,
'आणि त्या दोघांच्या बरोब्बर मधे काय आहे?'
पाणी. विषुववृत्ताच्या थोडं वर.
'बेट वगैरे?'
मला तरी दिसत नाही.
ते बोट तिथेच दाबून धरत म्हणाले,
'मधोमध घडी घातली ना,
की दोन्ही टोकं एकावर एक येतात.
त्याला काही ताकद लागत नाही. फक्त मध्य सापडायला हवा.'

मग छत्री घेऊन गेले.

गोव्याला जाणारं एक नवं जोडपं समोर येऊन बसलं,
खिडकीची सीट हवी, दोघांनाही.
मी नकाशा बंद केला.
पॅसिफिकवर बोटाचा तेलकट ठसा राहिला होता,
त्याच्यावरच त्यांची वेळापत्रकं उघडत गेले
संध्याकाळपर्यंत.